दिल्लीहून येणारी वेळ

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी जयपूरच्या एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. कॉम्प्युटर येऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. तळमजल्यावर काचेच्या भिंतींची एक खोली होती, ती एवढी गार की मे महिन्यातही आम्ही दोघी ऑपरेटर शाल घेऊन बसायचो. चपला बाहेर काढाव्या लागत. गच्चीवर पांढरी मोठी तबकडी बसवली होती. टीव्हीची आहे का, असं कुणी विचारलं की आमचा चपराशी ऐटीत सांगायचा, "इससे दिल्ली दिखती है."

दिल्ली दिसत नसे, पण आमची माहिती त्या तबकडीतून दिल्लीला जायची हे खरं. जिल्ह्याजिल्ह्यातून कागद येत. कुठे किती पाऊस पडला, किती मुलांना लस टोचली, किती धान्य उचललं, ते सगळं आम्ही दिवसभर मशीनमध्ये भरायचो आणि संध्याकाळी ते दिल्लीच्या मोठ्या मशीनकडे पाठवायचो. माझ्याबरोबरची दुसरी ऑपरेटर रोज जयपूरजवळच्या चौमूं गावाहून बसने यायची. तिची बस कधी वेळेवर आली नाही. मी रेल्वे कॉलनीतून सायकलने लवकर पोचायची, म्हणून सकाळचं पहिलं काम माझ्याकडे आलं. ते काम म्हणजे मशीनचं घड्याळ दिल्लीशी जुळवणं.

हे काम लोकांना सांगितलं की हसू यायचं. घड्याळ लावायला पगार मिळतो? पण ते गरजेचं होतं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात त्याचं स्वतःचं घड्याळ असतं, आणि आमचं रोज थोडं थोडं मागे पडायचं. लाइट गेली तर विचारूच नका. दिल्लीचं मशीन येणाऱ्या प्रत्येक माहितीवरची वेळ बघायचं. नंतरची असेल ती ठेवायचं, आधीची असेल ती जुनी समजून टाकून द्यायचं. आमचं घड्याळ मागे राहिलं तर आम्ही आज भरलेले आकडे दिल्लीला जुने वाटायचे. दिवसभराची मेहनत मग कचऱ्यात.

म्हणून रोज सकाळी मी मशीनवरूनच दिल्लीच्या ऑपरेटरला हाक मारायची. पडद्याचे आडवे दोन भाग व्हायचे. वरच्या भागात मी टाइप केलेलं दिसायचं, खालच्या भागात तिकडून आलेलं. मी 'जयपूर' लिहायची, तिकडून 'दिल्ली' यायचं. मी वेळ विचारायची, तिकडून वेळ यायची. ती आमच्या मशीनच्या वेळेशी ताडून बघायची, फरक असेल तर दुरुस्त करायचा, पुन्हा विचारून खात्री करायची आणि निरोप घ्यायचा. सगळं इंग्रजीत आणि मोजक्या शब्दांत. पलीकडे बाई आहे की बुवा, हेही मला सुरुवातीला ठाऊक नव्हतं.

ते कळलं एका आंधीमुळे. जयपुरात उन्हाळ्यात दुपारी आकाश पिवळं पडतं आणि बघता बघता वाळू घरात शिरते. त्या दिवशी तशी आंधी आली आणि लाइट गेली. परत आली तेव्हा मशीन सुरू झालं, पण त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं होतं. आतली बॅटरी मेली होती, हे नंतर कळलं. आम्ही पाठवलेले सगळे आकडे दिल्लीने नाकारले. आमचे अधिकारी, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, ते दौऱ्यावर गेले होते. मी पडद्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत काहीबाही लिहीत राहिले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. दिल्लीहून होता. एका बाईचा शांत आवाज हिंदीत म्हणाला, "घबराइए मत. पहले बताइए, स्क्रीन पर साल कौन सा दिख रहा है?"

मी साल बघायला वळले आणि पाय टेबलाच्या लोखंडी पायावर आपटला. तोंडातून निघून गेलं, "आई गं!"

मग तोच आवाज मराठीत म्हणाला, "अगं, मराठी का तू?"

जयपुरात मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हो, मतलब, घरी मराठी आहे."

"मग घाबरू नकोस. आधी मशीनला कुणी हात लावू नका म्हणून सांग. मग मी सांगते तसं कर."

त्या दुपारी तिने मला एकेक पायरी सांगत सगळं सावरून दिलं. काम संपल्यावर म्हणाली, "एक लक्षात ठेव. घड्याळ मागे पडलं असेल तर खुशाल पुढे कर. पण पुढे गेलेलं असेल तर एकदम मागे ओढू नकोस. झालेली कामं मशीन पुन्हा करायला घेतं, सगळा घोळ होतो. तेव्हा काम बंद ठेवायचं आणि खरी वेळ तिथवर येईपर्यंत थांबायचं. चहा पिऊन यायचं. आणि मी वेळ लिहिली की ती तुझ्यापर्यंत यायला थोडा वेळ जातो, वर आकाशात जाऊन खाली येते ना. तोही धर."

त्यानंतर सकाळचं काम झालं की आमचं थोडं बोलणं होऊ लागलं. मशीनवर देवनागरी नव्हती, त्यामुळे रोमन अक्षरांत मराठी. वरच्या अर्ध्या पडद्यावर माझी, खालच्या अर्ध्यावर त्यांची. मी त्यांना ताई म्हणू लागले. त्या साताऱ्याकडच्या. नवऱ्याची बँकेत नोकरी, त्याच्या बदलीमुळे दिल्लीत आलेल्या. एक मुलगी, शाळेत जाणारी.

माझी मराठी तेव्हा जेमतेमच होती. आमचं गाव भंडाऱ्याकडचं. वडील रेल्वेत सिग्नलचं काम बघायचे आणि बदली होऊन जयपूरला आले तेव्हा मी पाळण्यात होते. माझी शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, बाजार हिंदी. मराठी म्हणजे आई होती. मी अकरा वर्षांची असताना ती काविळीने गेली. त्यानंतर घरात बोलणंच उरलं नाही. बाबा रात्री भाकरी करायचे, मी भाजी करायची, दोघं जेवायचो. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी आईचा फोटो. 'मीठ दे', 'दार लावून घे', एवढ्यावर आमचं भागायचं. आईचं नाव बाबांनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही. मीही घेतलं नाही, कारण घेतलं तर त्यांचं काय होईल याची मला भीती वाटायची.

एकदा मी ताईंना लिहिलं की मला भूक लागून राहिली आहे. खाली उत्तर आलं, "आमच्या वरच्या मजल्यावरच्या नागपूरच्या काकू अस्संच बोलतात. छान वाटतं ऐकायला. बदलू नकोस." पण मी एखादा शब्द हिंदीतून घेतला की त्या नकळत पुढच्या ओळीत मराठी शब्द वापरून दाखवायच्या. मी 'चिडिया' लिहिलं की त्या 'चिमणी कुठे घरटं करतेय?' असं विचारायच्या. चिमण्या एसीच्या बाहेरच्या पेटीत घरटं करत होत्या आणि आमचा चपराशी ते काढू देत नव्हता. ताईंना रोज त्यांची खबर हवी असायची.

आई नाही हे मी त्यांना पावसाळ्याच्या सुमारास सांगितलं. घेवर खाल्ला का, असं त्यांनी विचारलं होतं. जयपुरात श्रावणातल्या तीजेच्या सणाला घरोघरी ही जाळीदार मिठाई आणतात. आमच्याकडे आणत नाहीत, आई गेल्यापासून सणाचं काही होत नाही, असं मी लिहून गेले. खालचा अर्धा पडदा बराच वेळ रिकामा राहिला. मला वाटलं लाइन तुटली. मग एक ओळ उमटली, "मग तुझ्या डोक्याला तेल कोण लावतं?"

चौमूंची मैत्रीण आत आली तेव्हा मी डोळे पुसत होते. तिने पडद्याकडे बघितलं, पण त्यातलं मराठी तिला कळणार नव्हतं. "दिल्ली ने डाँटा क्या?" तिने विचारलं.

"नहीं," मी म्हटलं, "पूछा."

सांगायचं तर आमचं नातं इतकंच होतं. रोजची काही मिनिटं. सरांना ठाऊक होतं, पण घड्याळ कधी चुकत नव्हतं म्हणून ते काही बोलत नसत.

त्या थंडीत ताईंच्या लिहिण्यात फरक पडला. त्या कधी अक्षर चुकायच्या नाहीत, आता चुकू लागल्या. एकदा त्यांनी मला वेळ दिली ती चुकीची दिली, आणि लगेच दुरुस्त करून 'सॉरी' लिहिलं. मी विचारलं, तब्येत बरी नाही का? त्यांनी लिहिलं, दिल्लीची थंडी, बोटं वाकत नाहीत. मी विश्वास ठेवला. आमच्याकडेही तेव्हा सकाळी सायकलच्या हँडलवर हात ठरत नव्हते.

मग एक दिवस मी 'जयपूर' लिहिलं आणि खाली 'दिल्ली' आलं ते वेगळ्या माणसाचं होतं. पडद्यावर अक्षरं सगळ्यांची सारखीच. पण ओळख झाल्यापासून ताई 'दिल्ली' लिहून थांबायच्या नाहीत, मी विचारायच्या आधीच वेळ द्यायच्या. हा माणूस थांबला. मी ताईंबद्दल विचारलं. त्याने अदबीने लिहिलं की मॅडम रजेवर आहेत. किती दिवसांच्या, ते त्याला माहीत नव्हतं.

तो मुलगा बिहारचा होता, नुकताच लागलेला. चांगला होता. रोज वेळ द्यायचा, रोज मी विचारायची आणि रोज तो 'अभी छुट्टी पर' लिहायचा. पुढे पुढे तो मी विचारायच्या आधीच लिहू लागला.

होळीच्या जरा आधी एका सकाळी फोन वाजला. "ओळखलंस का?" ताईंचाच आवाज, पण खूप लांबून आल्यासारखा.

"ताई, तुम्ही कामावर आलात?"

"आले आहे. चार दिवस बसून बघते. टाइप करवत नाही म्हणून फोन केला." मग सरळच म्हणाल्या, "छातीत गाठ होती गं. काढली. आता औषधं देतायत, त्याचा त्रास होतो. घाबरू नकोस, मी तुला सांगायचं म्हणून सांगते आहे."

मी घाबरले होते. मी एवढंच विचारलं, "दुखतं का?"

"दुखतं," त्या म्हणाल्या. "तू एकदा येशील का? मला बघायचंय तू कशी दिसतेस. मनात एक चेहरा आहे, तो बरोबर आहे का बघू."

त्या आठवड्यानंतर त्या पुन्हा कामावर आल्या नाहीत. बिहारच्या मुलाने हॉस्पिटलचा वॉर्ड कळवला.

मी बाबांना त्या रात्री जेवताना सांगितलं. दिल्लीत एक बाई आहेत, आजारी आहेत, मला भेटायला जायचंय. बाबांना त्यांच्याबद्दल काहीही ठाऊक नव्हतं. त्यांनी घास हातात धरून विचारलं, "कुठल्या हायेत?"

"साताऱ्याच्या."

"मराठी बोलतेत?"

"हो. माझ्याशी मराठीतच बोलतात."

त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायले. मला वाटलं विषय संपला. मी भांडी घासत असताना ते मागून म्हणाले, "पास आहे माझ्यापाशी. मी पण येतो."

दुसऱ्या दिवशी ते मला राजा पार्कच्या बाजारात घेऊन गेले. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणाले. एका गाडीवर संत्री होती. गाडीवाला ओरडत होता, "नागपुरी, नागपुरी!" बाबा बराच वेळ एकेक संत्रं उचलून नाकाशी नेत होते. गाडीवाला वैतागला, "अरे अंकलजी, नागपुर का ही है." बाबा त्याला म्हणाले, "भैया, मैं उधर का ही हूँ." त्यांच्या तोंडून मी हे पहिल्यांदाच ऐकलं, की ते कुठलेतरी आहेत.

तेव्हा जयपूरहून दिल्लीला मीटरगेजची छोटी गाडी जायची. पहाटे निघालो. बाबा खिडकीशी बसून एकेक सिग्नल बघत होते, सवयच होती ती. मांडीवर संत्र्यांची पिशवी. मी मनात वाक्यं जुळवत होते. ताईंना काय काय सांगायचं, चिमण्यांनी या वर्षीही घरटं केलंय, सर आता मला नव्या मुलींना शिकवायला सांगतात. सगळं चांगल्या मराठीत.

वॉर्ड मोठा होता, खाटा ओळीने. ताईंचे यजमान स्टुलावर बसले होते, त्यांनी उठून आम्हाला जागा दिली. खाटेवर एक बारकीशी बाई होती, डोक्याला सुती रुमाल गुंडाळलेला. मी ताईंना उंच समजत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. "अय्या, चेहरा सगळाच चुकला की माझा," त्या म्हणाल्या. "तू तर गोल आहेस. बस ना. कशी आहेस?"

आणि मी म्हटलं, "जी, मैं ठीक हूँ."

हिंदीत. गाडीत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. वर्षभर रोज ज्यांच्याशी बोलले त्या समोर होत्या आणि मी कुणा साहेबापुढे उभी असल्यासारखी 'जी' म्हणत होते. ताई हसायला गेल्या, त्यांना ठसका लागला, यजमानांनी पाणी दिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्या चादरीकडे. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तेव्हा बाबांनी पिशवी उघडली.

"बाई, संत्रं खाता का?" ते म्हणाले. "तो म्हणे नागपूरचं आहे, पण मले नाही वाटत. वास नाही त्याले."

ताईंनी डोळे मोठे केले. "सोलून द्या ना," म्हणाल्या.

बाबा स्टुलावर बसले आणि सोलू लागले. एकेक फोड घेऊन तिच्यावरचे पांढरे धागे काढले, बिया काढल्या, फोड ताईंच्या तळहातावर ठेवली. आणि बोलू लागले. आमच्याकडे वैनगंगेच्या काठी कशी धानाची शेतं होती, नागपूरकडे त्यांचा मामा संत्र्याच्या बागेत कसा रात्री राखणीला जायचा, संत्रं झाडावरून तोडताना देठ कसा ठेवायचा. ताई विचारत होत्या, ते सांगत होते. मी बाबांना असं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ही त्यांची बोली, ही त्यांच्या पोटात इतकी वर्षं होती, आणि माझ्यासाठी फक्त 'मीठ दे' बाहेर यायचं.

बोलता बोलता त्यांनी विचारलं, "पोटात ठरते का काही?"

"नाही ठरत," ताई म्हणाल्या.

"हिच्या आईलेही ठरत नव्हतं," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता. हात सोलतच होते. "कावीळ झालती. मी म्हटलं उतरेल, औषध चालू होतं. त्या दिवशी लाइनवर सिग्नल बिघडला, मले बोलावणं आलं. ती म्हणे, जा, गाड्या थांबल्या असतील. मी गेलो. काम करून आलो तं शेजारचे लोक दवाखान्यात घेऊन गेलते तिले. मी धावत गेलो. तोवर..." त्यांनी फोड हातात धरून ठेवली. "ती माझी वाट पाहून राहिली होती, असं नर्स म्हणे. पोरीले कधी सांगतलं नाही मी. कसं सांगू?"

मला त्या दिवसाचं एवढंच आठवत होतं की शेजारच्या मावशींनी मला त्यांच्या घरी नेऊन बसवलं होतं आणि बिस्किटं दिली होती. इतकी वर्षं मला वाटत होतं, बाबा आई गेली तेव्हा तिच्याजवळ होते.

ताईंनी हात पुढे करून त्यांच्या हातातली फोड घेतली. "आता सांगितलंत ना," त्या म्हणाल्या. "ती ऐकते आहे."

बाबांनी तेव्हा माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात रसाने चिकट झालेले, त्यामुळे ते पुसताही येत नव्हतं. मी माझ्या ओढणीने पुसलं. ताईंच्या यजमानांनी तोंड फिरवलं होतं.

निघताना ताईंनी मला जवळ बोलावलं. माझी वेणी हातात घेतली, जरा वेळ धरून ठेवली. "किती दाट आहेत गं," म्हणाल्या. "पुन्हा ये." मी या वेळी मराठीत म्हटलं, "येईन, ताई." परतताना गाडीत, अलवरच्या पुढे कुठेतरी, मी बाबांना विचारलं, आई आणखी काय म्हणाली होती त्या दिवशी? आणि ते सांगू लागले.

पुन्हा जाणं झालं नाही. मी दिवाळीला जाऊ म्हणत होते. उन्हाळा टळायच्या आतच, एका सकाळी, मी 'जयपूर' लिहिलं आणि खाली 'दिल्ली' आलं नाही. जरा थांबून त्या मुलाने लिहिलं की मॅडम काल दुपारी गेल्या. इंग्रजीत लिहिलं होतं, एका ओळीत. खाली आणखी काही लिहून त्याने खोडलं. मग आणखी खाली वेळ लिहिली, कारण ती द्यायचीच होती.

मी ती वेळ वाचली. आमच्या मशीनची वाचली. दोन्हींतला फरक काढायचा होता, अगदी साधी वजाबाकी, पण मला आकडे कळेचनात. पुन्हा वेळ मागितली, त्याने पुन्हा दिली. तिसऱ्यांदा मागितली, त्याने काही न विचारता तिसऱ्यांदाही दिली. तेवढ्यात चौमूंची मैत्रीण आली. तिने माझ्या खांद्यावरून वाकून ती इंग्रजी ओळ वाचली. मला खुर्चीतून उठवलं नाही, कीबोर्ड स्वतःकडे ओढला, उभ्या उभ्या वेळ दुरुस्त केली आणि दिल्लीला कळवलं की जयपूरचं घड्याळ ठीक आहे. मग म्हणाली, "चल, बाहर बैठते हैं." बाहेर ऊन मी म्हणत होतं. आम्ही जिन्याखाली सावलीत बसलो.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी तवा खाली उतरवला. म्हणाले, "तिच्या घरी जाऊन येऊ."

गेलो. सरकारी क्वार्टर होतं, दोन खोल्यांचं. दार ताईंच्या मुलीने उघडलं. बारा-तेरा वर्षांची, शाळेच्या गणवेशात. जयपूरहून आलो, असं बाबांनी सांगताच तिने आत हाक मारली, "पापा, संतरे वाले अंकल आए हैं." म्हणजे ताईंनी घरी सांगितलं होतं. यजमान आले, बाबांचे दोन्ही हात धरून बसले. त्या दोघांचं हळू आवाजात बोलणं चाललं होतं. मी मुलीशी मराठीत बोलायला गेले. तिला कळत होतं, पण ती हिंदीत उत्तर देत होती, आणि मराठी शब्द आला की लाजत होती. आई तिच्याशी बोलायची, ती आईला हिंदीत उत्तर द्यायची, म्हणाली. मग एकदम विचारलं, "आपसे मम्मी रोज़ क्या बात करती थीं?"

मी म्हटलं, "वेळ सांगायच्या. मग चिमण्यांबद्दल विचारायच्या."

"और?"

"तुझ्याबद्दल बोलायच्या," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्यापाशी गेले. तिच्या केसांना मी हात लावला तर ते कोरडे, गुंतलेले होते. मी कपाटावरची तेलाची बाटली मागितली. तिने ती दिली. जमिनीवर बसून मी तिच्या डोक्याला तेल लावलं आणि वेणी घालून दिली. ती सगळा वेळ रडत होती, आवाज न करता. निघताना यजमान म्हणाले, "तिच्याशी मराठीत बोलणारं आता कुणी नाही. मला कामातून वेळ होत नाही. तुम्ही लिहाल का तिला कधी?"

मी लिहीत राहिले. ती हिंदीत उत्तरं पाठवायची, कधी मध्ये एखादं मराठी वाक्य, काना-मात्रा चुकलेलं. दोनएक वर्षांनी तिच्या वडिलांची बदली झाली, पत्ता बदलला, आणि पत्रं थांबली. मी शोधायचा प्रयत्न केला. बँकेतून एक उत्तर आलं, त्यात नवा पत्ता होता. तिथे पाठवलेलं पत्र परत आलं.

ताई गेल्या त्याच वर्षीच्या पावसाळ्यात दिल्लीहून आमच्या मशीनसाठी एक नवा प्रोग्राम आला. आता दिल्लीचं मशीनच दिवसातून अनेकदा आमच्या मशीनला वेळ विचारणार, जाण्यायेण्यात गेलेला वेळ स्वतः वजा करणार आणि घड्याळ हळूहळू सरळ करणार. पुढे गेलं असेल तर त्याला मागे ओढणार नाही, फक्त त्याची चाल जरा मंद करणार. सर खूश झाले. "अब आपका रोज़ का झंझट ख़त्म," मला म्हणाले.

शेवटच्या दिवशी बिहारच्या मुलाने वेळ दिल्यावर लिहिलं, "कल से मशीन ख़ुद कर लेगी. आपसे बात करके अच्छा लगता था. मैडम भी यही कहती थीं." मी त्याचे आभार मानले आणि लाइन बंद केली.

दुसऱ्या दिवशी सवयीने मी लवकरच पोचले. चपला काढल्या, शाल घेतली, मशीन उघडलं. घड्याळ बरोबर होतं. पडद्याचे दोन भाग करायचं काही कारण नव्हतं. एसीच्या पेटीत चिमण्यांची पिल्लं ओरडत होती. मी तशीच बसून राहिले, चौमूंची बस येईपर्यंत.